शिल्ला इथेच राहते

आमच्या गावातल्या प्राथमिक शाळेची घंटा माझ्या माहितीत कधी वेळेवर वाजली नाही. घड्याळ ठणठणीत होतं. घंटाही चांगली होती, एका मोडीत काढलेल्या आगबोटीवरून आणलेली; वाजली की बंदरातली कुत्री उठून उभी राहत. अडचण होती ती घंटेच्या दोरीपाशी बसणाऱ्या बाईची. गोष्ट ऐन रंगात आली की ती घंटा लवकर वाजवायची आणि गोष्ट अजून रंगायची असली तर उशिरा.

या बाईचं नाव लेत्तेरिया फोती. शाळेत ती शिपाई होती आणि आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. दार उघडायचं, वर्ग झाडायचे, हिवाळ्यात शेगडी पेटवायची, मास्तरांना कॉफी द्यायची आणि घंटा द्यायची, ही तिची कामं. उरलेल्या वेळात ती पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात टेबलाशी विणत बसे. ज्याला वर्गाबाहेर काढलं जाई त्याने तिच्या शेजारच्या बाकावर बसायचं, असा शाळेचा नियम होता. शिक्षा म्हणून.

ती शिक्षा अशी असायची. पहिली पाच मिनिटं मावशी काही बोलायची नाही. मग सुईवरचे टाके मोजता मोजता, मान वर न करता म्हणायची, "तर त्या प्रोसेर्पिनाला भूक लागली होती." झालं. पाताळाच्या राजाने पळवून नेलेली पोर, वर जमिनीवर रडून रडून सगळी शेतं करपवून टाकणारी तिची आई आणि खाली ताटात ठेवलेलं फोडलेलं डाळिंब. पोर हात पुढे करते, एक दाणा उचलते, ओठांशी नेते, आणि मावशीचा हात घंटेच्या दोरीकडे जातो.

दाणा गिळला की थुंकला हे कळायचं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गाबाहेर येणं भाग होतं. त्यामुळे आमच्या शाळेत शाई फार सांडायची. एका मुलाने, जो पुढे आमचा पोस्टमास्तर झाला, राक्षस मारायला गेलेला थेसेउस चक्रव्यूहातून सुखरूप बाहेर येईपर्यंत सलग आठ दिवस मास्तरांच्या टोपीत मासा ठेवला होता. टोपी वाया गेली, पण थेसेउस वाचला.

मावशी हे सगळं शिकली कुठून? शाळेतून रद्दीत काढलेली मुलांची पुस्तकं ती रद्दीत जाऊ द्यायची नाही. तिच्या पलंगाखाली शंभर वर्षांचे देव गठ्ठे बांधून ठेवलेले होते. पण त्या पुस्तकांवर तिचा राग होता. "देव बघावेत तर कायम उभे," ती म्हणायची. "बसत नाहीत, जेवत नाहीत, मेल्यांच्या पोटात काही असतं की नाही." तिचे देव जेवायचे. देवांचा राजा तिच्या गोष्टीत नेहमी अंगरख्यावर रस्सा सांडायचा आणि बायकोची बोलणी खायचा. तिने सांगितलेला देवांचा डोंगर ऑलिंपस हे आमच्याच बंदरावरचं एक घर होतं, फक्त जरा उंचावर.

सगळ्यात रंगायची ती शिल्लाची गोष्ट. रंगणारच; शिल्ला आमची. गावाचं नाव तेच आणि राक्षसिणीचं नाव तेच. सहा माना, सहा तोंडं, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा. एकेकाळी ती देखणी मुलगी होती. एका मत्सरी चेटकिणीने तिच्या आंघोळीच्या पाण्यात विष कालवलं, तेव्हापासून ती आमच्या किल्ल्याखालच्या कड्यात राहते. समोर सिसिलीच्या काठाला कारिद्दी, म्हणजे तो प्रसिद्ध भोवरा. जग दोघींनाही राक्षसिणी म्हणतं. शिल्लाला आम्ही घरातलं माणूस समजतो. कारिद्दीबद्दल आमचं मत वेगळं आहे. दिवसातून तीनदा समुद्र प्यायचा आणि तीनदा ओकून टाकायचा, याला आम्ही काही कर्तबगारी म्हणत नाही.

पुस्तकांत शिल्लाची सहाही तोंडं सारखी असतात. मावशीच्या गोष्टीत मात्र ती एका पोटावर जगणाऱ्या सहा बहिणी होत्या. पहिलं तोंड कायम उपाशी. दुसरं "मला काही नको" म्हणायचं आणि सगळ्यात जास्त खायचं. तिसरं भांडकुदळ, चौथं चहाडखोर, पाचवं घोरायचं. समुद्रातून घरी निघालेल्या उलिसे राजाची माणसं शिल्लाने का खाल्ली, याचंही कारण मावशीपाशी होतं: तो हिच्या दारावरून गेला आणि साधा नमस्कारसुद्धा केला नाही. हे आम्हाला लगेच पटायचं. याहून लहान कारणावरून आमच्या गावात दोन घरांचं तीन पिढ्या बोलणं बंद आहे.

आणि सहावं तोंड? ते यायच्या आत घंटा व्हायची. दुसऱ्या दिवशी जो परत येईल त्यालाच सहावं.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, की ही बाई आमच्या कड्यातूनच जन्माला आली असेल. तर नाही. लेत्तेरिया समोरच्या काठावरची होती. गान्झिर्रीची, तळ्यातून शिंपले काढणाऱ्या माणसाची मुलगी. स्वच्छ दिवशी त्या बाजूची घरं आमच्या धक्क्यावरून मोजता येतात, आणि जो तलवारमासा आमचे लोक धरतात तोच त्यांचेही धरतात. यापेक्षा शत्रुत्वाला आणखी काय लागतं? आमच्या ब्रुनो फोतीने तिला कुठल्या जत्रेत पाहिलं देव जाणे. विसाव्या वर्षी एक ट्रंक घेऊन ती बोटीने इकडे आली, आणि पहिल्याच जेवणाला तिच्या सासूने सगळ्यांना सांगितलं, "कारिद्दीकडची आहे. आपापलं ताट सांभाळा."

त्याला चोवीस वर्षं झाली होती, पण ती थट्टा काही संपली नव्हती. थट्टा करणाऱ्यांचा म्होरक्या कोला. कोला आमचा टेहळ्या. मासेमारीच्या नावेत उंच डोलकाठीच्या टोकावर उभा राहून तो पाण्याखालचा मासा बघायचा आणि खालच्यांना डावं-उजवं ओरडून सांगायचा. त्याचे डोळे म्हणजे गावाची दौलत. ज्या आठवड्यात मासा मिळायचा नाही, त्या आठवड्यात कोला मावशीला रस्त्यात गाठून म्हणायचा, "काय वहिनी, माहेरी निरोप धाडलात वाटतं?" मावशीही कमी नव्हती. "मासा तुमचं तोंड बघून मागे वळतो, भावजी. त्यात माझ्या भावांना का मध्ये आणता?"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ओरेस्ते मास्तर आमच्या शाळेत बदलून आले.

मास्तर तरुण, काटकुळे, बारा महिने मफलर गुंडाळणारे आणि फार सरळ. आपला वर्ग सारखा दंगा का करतो, ते त्यांना कळेना. मुलांना पकडायला म्हणून ते एक दिवस दाराआड उभे राहिले आणि स्वतःच पकडले गेले. तो सगळा हिवाळा मास्तर दार किंचित उघडं ठेवून वहीत लिहीत होते. मावशी जे बोलेल ते, जसं बोलेल तसं. मार्चमध्ये ते तिला म्हणाले, "बाई, हे मुलांसाठी छापायला हवं." मावशी म्हणाली, "मास्तर, आधी तुमचा फळा पुसा." पण दोन दिवसांनी तिने होकार दिला. एकच अट घातली: आमच्या शिल्लाला वाईट दाखवायचं नाही.

उत्तरेकडच्या एका प्रकाशकाने पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावर "सांगणार: लेत्तेरिया फोती" असं येणार होतं. मावशीने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, आणि दुपारच्या जेवणापर्यंत ती सबंध गावाला माहीत झाली होती. आमच्या गावातून आजवर मासा बाहेर गेला होता, माणसं गेली होती, पण पुस्तक गेलं नव्हतं. न्हावी गिऱ्हाइकांना विचारायला लागला, की पुस्तकात शिल्लाची किती चित्रं असतील. कोला म्हणाला की कड्याचं चित्र माझ्या डोलकाठीवरूनच काढायला हवं, खालून तो नीट दिसत नाही.

ऑक्टोबरात छापून आलेले कच्चे कागद पोहोचले. तो शुक्रवार होता. बंदरावरचं टपाल सांतोच्या बारमध्ये येतं, आणि मास्तरांना घरापर्यंत धीर धरवला नाही. त्यांनी पुडकं तिथेच फोडलं. मग कुणीतरी मावशीला बोलवायला धावलं. मावशी एप्रन बांधलेलीच आली आणि दारात थांबली. आमच्याकडे बायका बारमध्ये येत नाहीत, दारातून नवऱ्याला हाक मारतात. पण आत इतकी शांतता होती, की ती उंबरा ओलांडून सरळ आत आली.

दोन पानं भरून रंगीत चित्र. मागे एट्ना पर्वत धूर सोडतोय. त्याच्या पायथ्याला लिंबाची झाडं. आणि झाडांखाली, सिसिलीच्या काठावर, ऐसपैस बसलेली हिरवी शिल्ला, सहा सारखी तोंडं आणि सहा सारखे जबडे. समोर कालाब्रियाच्या बाजूला, म्हणजे आमच्या दारात, भोवरा. खाली छापलं होतं: "सिसिलीच्या किनाऱ्यावर, एट्नाच्या सावलीत शिल्ला राहत असे."

कोलाला दूरचं सगळं दिसतं, जवळचं काही दिसत नाही. त्याने चित्र कॉफीच्या यंत्राला टेकवून ठेवायला लावलं, स्वतः बाहेर धक्क्यापर्यंत चालत गेला, वळला आणि तिथून पाहिलं. मग परत आला.

"शेवटी नेलीत ना तिला माहेरी, वहिनी," तो म्हणाला.

चोवीस वर्षांत त्या थट्टेवर कुणी हसलं नाही असं पहिल्यांदाच झालं. मावशी चित्राखालची ओळ पुन्हा वाचत होती. मुखपृष्ठावर तिचं नाव होतं. दुनियेत दुसऱ्या कुठल्या गावाने राक्षसीण गेली म्हणून पेढे वाटले असते. आमच्याकडे त्या क्षणी एखाद्या घरातून मुलगी पळवून नेल्यासारखी माणसं उभी होती, आणि पळवणाऱ्यांच्या गावची बाई समोर एप्रन बांधून.

चूक कुठे झाली ते मास्तरांच्या वहीतच सापडलं. मावशी सांगायची, "शिल्ला इथे खाली राहायची आणि समोर कारिद्दी." मास्तरांनी तसंच लिहिलं होतं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत "इथे" आणि "समोर". शिल्ला कुठे राहते हे आमच्या गावात कोण लिहील? आपण जेवतो ते तोंडाने, असं कुणी लिहितं का? त्यात ईस्टरला मास्तरांच्या बहिणीला मुलगा झाला म्हणून ते सिसिलीत कतानियाला गेलेले, आणि वहीच्या नकलेचं पाकीट त्यांनी तिथूनच टाकलं. पाकिटावर एट्नाखालच्या पोस्टाचा शिक्का. उत्तरेच्या लोकांच्या नकाशात नेपल्सच्या खाली सगळं एकच असतं, ऊन आणि लिंबं. त्यांनी शिक्का पाहिला आणि "इथे" म्हणजे कुठे ते ठरवून टाकलं.

सोबत पत्र होतं. सोमवारी छपाई सुरू होणार. किरकोळ चुका दुरुस्त होतील, चित्रं बदलणार नाहीत. एखाद्या गोष्टीवर गंभीर हरकत असेल तर ती गोष्ट गाळता येईल.

"गाळू या," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा ताज्या पनीरसारखा पांढरा पडला होता. बारमधल्या सगळ्यांनी मान डोलावली. सिसिलीत असण्यापेक्षा नसलेली बरी.

"गाळायची नाही," मावशी म्हणाली. "सगळे देव आत बसणार आणि आपली तेवढी बाहेर? बाहेर काढलेल्यांबरोबरच बसत आलेय मी आजवर. तिला आत घ्यायची." मग तिने एप्रनला हात पुसले आणि विचारलं, "हे चित्र काढणारी बाई कोण आहे?"

फ्यामेत्ता रेवेल्ली, राहणार उत्तरेत, तुरीनला. मास्तरांनी प्रकाशकाला टेलिफोन करून तिचा नंबर मिळवला. बारच्या कोपऱ्यातल्या त्या टेलिफोनला धातूची टोकनं लागायची, आणि तुरीनचा फोन म्हटलं की तो ती शेंगदाण्यासारखी खायचा. सांतोने गल्ल्यातली सगळी टोकनं काढून दिली. बाकीच्यांनी खिसे उलटे केले. आणि टोकनं टाकायला यंत्रापाशी उभा कोण राहिला? कोला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशीने आधी रीतीप्रमाणे आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि सांतोचा बार आणि यंत्रावर चिकटवलेला नंबरही सांगितला, कुणाच्या घरी गेल्यावर आपण कुणाकडचे ते सांगावं तसं. मग तिने तक्रार मांडली. पलीकडची बाई सभ्य होती आणि ठाम होती. जे लिहिलं होतं ते मी काढलं, रंग वाळलेत, आता काही होणार नाही. हे आम्हाला मावशीच्या तोंडावरून कळत होतं.

"बरं," मावशी म्हणाली. "ती सहाही तोंडं सारखी का काढलीत, एवढं सांगा."

राक्षसीण आहे म्हणून, असं काहीतरी उत्तर आलं असावं. मावशीने पायाने बाटल्यांचं खोकं ओढलं, त्यावर बसली आणि रिसीव्हर कान आणि खांद्यामध्ये धरून एप्रनच्या खिशातून विणकाम काढलं. पहिली पाच मिनिटं गप्प राहायची तिची पद्धत टोकनांनी परवडण्यासारखी नव्हती, तेवढी तिने सोडली.

"तर शिल्लाला भूक लागली होती," तिने सुरुवात केली. "इथे. कालाब्रियात, आमच्या कड्याखाली."

कालाब्रियात असं तिने आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं, कारण ते माहीत नसलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच सांगत होती.

पहिलं तोंड आलं. दुसरं "मला नको" म्हणालं, आणि पलीकडे हसू आलं असावं, कारण मावशी क्षणभर थांबली. तिसरं, चौथं. कोला टोकनं टाकत होता, ओठ हलवत होता; चहाडखोर तोंड काय म्हणतं ते त्याला पाठ होतं. बारमधले बाप्ये एकतर स्वतः कधी ना कधी त्या बाकावर बसलेले, नाहीतर त्यांची पोरं. पाचवं तोंड घोरायला लागलं. मावशीने टाका घेतला.

"आणि सहावं मात्र," ती म्हणाली, आणि तिने रिसीव्हर जागेवर ठेवून दिला.

"अहो वहिनी," कोला म्हणाला, "ही बघा, अजून मूठभर आहेत."

"आहेत ना. ठेवा खिशात. घंटा झाली."

त्यानंतरचा वेळ मी विसरणार नाही. मास्तर मफलर चावत होते. सांतोने कॉफ्या केल्या आणि त्या कुणी प्यायल्या नाहीत. पोस्टमास्तर म्हणाला की तुरीनची माणसं काही आमच्यासारखी नसतात, त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर यायची सवय नसते. मावशी विणत होती. एक अख्खी ओळ विणून झाली, तिने सुई बदलली आणि फोन वाजला.

सांतोने झडप घातली. "तीनदा वाजू दे," मावशी म्हणाली. तीनदा वाजल्यावर तिने तो उचलला, ऐकलं आणि आमच्याकडे पाठ केली.

"सहावं तोंड चावत नाही," ती सांगू लागली. "विष तिथवर पोचलंच नाही. ते मुलीचंच राहिलं. बाकीची पाच खातात, भांडतात, घोरतात. ते समोरच्या काठाकडे बघत बसतं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"का म्हणजे? तिकडेही कुणीतरी राहतंच की."

सहावं तोंड मी आठव्या वर्षी त्या बाकावर ऐकलं होतं. बारमधल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. ते कुणाकडे बघतं आणि सांगणारी कुठून आली, हे दोन तुकडे आमच्यापैकी एकानेही आजवर एकत्र ठेवले नव्हते. कोलाने खिशातून रुमाल काढला आणि टेलिफोनचं यंत्र पुसायला लागला. त्या यंत्राला पुसायची काही गरज नव्हती.

मग मावशी वळून म्हणाली, "त्या विचारतायत, आपल्या कड्याचा रंग कसा आहे." बारमध्ये पंधरा माणसं होती आणि सतरा रंग निघाले. शेवटी कोलाने रिसीव्हर घेतला आणि डोलकाठीवरून मासा दाखवावा तसा कडा दाखवला: डावीकडे किल्ला, खाली घरांच्या दारांना लागलेलं पाणी, कडा सकाळी राखाडी, दुपारी मधासारखा, आणि उजवीकडे दूर सिसिली. "दूर," तो पुन्हा म्हणाला. "लहानच काढा." मावशीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने घसा साफ केला. "पण घरं दिसू द्या. स्वच्छ दिवस काढा, बाई. मोजता आली पाहिजेत."

फ्यामेत्ताबाईंनी शनिवार-रविवार बसून नवं चित्र काढलं आणि सोमवारी सकाळी स्वतः नेऊन छापखान्यात दिलं. नाताळच्या आधी पुस्तक आलं. कडा आमचा, किल्ला आमचा, दारं आमची. पाच तोंडं पाच स्वभावांची. आणि सहावं, केस वाऱ्यावर, पाण्यापलीकडच्या पांढऱ्या घरांकडे बघणारं. खाली छापलेलं वाक्य न्हाव्याने आरशाशेजारी लिहून लावलं: "शिल्ला इथेच राहते, कालाब्रियात, मोठ्या कड्याखाली." कुणाचेही केस कापताना तो ते मोठ्याने वाचायचा, गिऱ्हाइकाला डोकं हलवायची सोय नव्हती.

गान्झिर्रीहून मावशीच्या भावाचा बारमध्ये फोन आला. पुस्तक तिकडेही पोहोचलं होतं. तू तिथली झालीस ते झालीस, पण आमच्या वाट्याला नुसता भोवरा ठेवलास, असं त्याचं म्हणणं. "घरं काढली आहेत की तुमची, दादा," मावशी म्हणाली. "नीट बघ. तिसरं आपलं." फोन ठेवताना तिची मान इतकी ताठ होती, की सांतोने कॉफीचे पैसे घ्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा आठवडाभर मासा मिळाला नाही. एका तरुण नावाड्याने धक्क्यावर माहेरच्या निरोपाची ती जुनी थट्टा काढली. कोला डोलकाठीवर होता. तिथून तो ओरडला, "वहिनींना काही बोलायचं नाही. शिल्ला परत आणली त्यांनी." इतक्या उंचावरून ओरडला, की ते पलीकडच्या काठालाही ऐकू गेलं असेल.

आणि पुस्तक? मावशीने आपली प्रत घरी नेली नाही. ती तिने व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवली, बाकावरून हात पोहोचेल अशी. पहिल्याच दिवशी नऊ मुलं वर्गाबाहेर होती आणि ओरेस्ते मास्तर दहावे. मावशीने चित्राचं पान उघडलं आणि एकेका तोंडावर बोट ठेवत गोष्ट सांगितली. पाच तोंडं झाली. सहाव्यावर तिने तळहात सपाट ठेवला होता आणि तो काही केल्या हलेना.

"मावशी, आता तर छापलंय," मास्तर म्हणाले.

"छापलंय ना? मग कुठे जातंय," मावशी म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने तिने घंटा दिली, सात मिनिटं आधी.